बुरशीला मुसकं

शेषराव कोणत्याही बैलाला एका हाताने वैरण टाकत नाहीत. भातकुलीकडच्या त्या काळ्या रानात त्यांच्याहून मोठं वावर असणारे पुष्कळ आहेत, त्यांच्याहून चांगला गोठा असणारेही आहेत. पण दोन टोपली दोन हातांत धरून, दोन बैलांच्या बरोबर मधोमध उभं राहून, एकाच वेळी दोन्हीकडे कुटार ओतणारा माणूस पंचक्रोशीत हा एकच. "आधी एकाले टाकलं तं दुसरा पाहून राहते न," एवढंच त्यांचं त्यावर म्हणणं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणी असते. वर्षभर जुवाखाली राबलेल्या खांद्यांना हळद आणि लोणी चोळायचं, आणि बैलाच्या कानाशी वाकून म्हणायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवायले या." बाकीचे लोक एक बैल उरकून दुसऱ्याकडे वळतात. शेषराव मधोमध उभे राहून दोन्ही हातांनी दोघांचे खांदे चोळतात, आणि आवतनही एकदाच, मोठ्याने, दोघांना ऐकू जाईल असं देतात. त्यांची बायको गोदाबाई ओसरीवरून म्हणते, "आमच्या दोघाच्या ताटात तं कदी असं सारखं वाढलं नायी ह्या मानसानं." शेषरावांना ते ऐकू येतं, पण सोयीचं नसलं की त्यांचे कान जरा जड होतात.

तर यंदा त्यांच्या गोठ्यात पाखऱ्या आणि बाशिंग्या हे दोन तांबडे गोऱ्हे तयार होत होते. घरच्याच दोन गाईंचे, एका मापाचे, एका चालीचे. अजून जुवाला मान दिलेली नव्हती, पण शेषरावांच्या बोलण्यात ते आतापासूनच सगळा तालुका नांगरून मोकळे झाले होते. आणि थंडी पडताच दोघांच्याही मानेवर, डोळ्यांभोवती गजकर्ण उठलं. रुपयाएवढे गोल चट्टे, केस गळून आतलं कातडं राखेसारखं पांढरं. गावात जवळजवळ प्रत्येक गोठ्यात तीच तऱ्हा होती. जनावरं खांबांना अंग घासून घासून रक्त काढत होती.

त्याच सुमारास गीतांजली आली.

गीतांजली म्हणजे शेषरावांची भाची, मूर्तिजापूरला दिलेल्या मैनाबाईंची लेक. पण वाढली ती मामाच्याच घरी. इथूनच एसटीने अमरावतीच्या कॉलेजात जायची आणि परत आली की दप्तर ओसरीवर टाकून आधी गोठ्यात शिरायची. आता ती अकोल्याला संशोधन करत होती. गावात कोणी विचारलं, "काय शिकून राहिली गा तुही भाची?" तर शेषराव "केसाचं" असं सांगत. विचारणारा तिच्या पार्लरची चौकशी करू लागे आणि शेषरावांचं डोकं फिरे.

या खेपेला ती दोन पेट्या भरून बाटल्या घेऊन आली होती. आल्या आल्या तिने पाखऱ्याच्या मानेवरचा एक केस उपटला आणि उन्हात धरला.

"मामा, ह्याच्यात काय असते सांगा बरं."

"केसात काय असन? केस."

"केरॅटिन असते. लय चिवट प्रथिन. घराले जसे खांब अन् वासे, तसं केसाले हे. बैलाचं शिंग, खूर, तुमची नखं, मामीचे केस, साऱ्यायची बांधनी त्याच्यावरच."

गोदाबाईचा हात आपसूक अंबाड्याकडे गेला. "म्हंजे माहा अंबाडा अन् बैलाचं शिंग एकाच मालाचं?"

"हो मामी."

"मी तं कवापासून म्हनतो," शेषराव म्हणाले, आणि गोदाबाईने त्यांच्याकडे असं पाहिलं की पुढचं वाक्य त्यांनी गिळून टाकलं.

गीतांजली हसली, पण तिला सांगायची घाई होती. ती सांगू लागली की शेषरावांना फार आवडायचं. तिचे डोळे मोठे होत, हात हलत, आणि अवघड गोष्ट ती अशी सोपी करून हातावर ठेवी की ऐकणाऱ्याला वाटावं, हे आपल्याला आधीच ठाऊक होतं. ती म्हणाली, असला टणक माल सहसा कोणाला पचत नाही, पण गजकर्णाच्या बुरशीला पचतो. ती अंगातून एक रस सोडते, त्या रसाने केस विरघळतो, आणि मग ती त्याच्यावर जगते. बुरशी मारायची औषधं आहेत, पण आता ती त्यांना दाद देईनाशी झाली आहे. जी वाचते ती आणखी हट्टी होऊन पसरते.

"म्हनून मी तिले मारतच नायी," गीतांजली म्हणाली. "माहं औषध केसाच्या केरॅटिनवर जाऊन बसते. जिथी तो रस चावा घेते, नेमकं तिथीच. केस तिच्या समोर राहीन, पन तिले खाता येनार नायी. राहीन उपाशी, अन् जाईन गळून."

शेषरावांनी पाखऱ्याच्या तोंडावरून हात फिरवला. मग म्हणाले, "डवरनीत बैलाले मुसकं बांधतो तसं. पऱ्हाटी समोर हाये, पन तोंड बंद."

"बस, तसंच! बुरशीले मुसकं."

हा शब्द तिला इतका आवडला की ती दिवसभर तो घोळवत होती. शेषरावांना तर त्या दिवशी जेवणही जास्त गेलं. आपल्या गोठ्यात शेण भरणारी ही पोर डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवाच्या तोंडाला जाळी बांधायला निघाली आहे, याचं त्यांना इतकं कौतुक वाटत होतं की ते उगाच दोनदा तिच्या बाटल्यांची पेटी पुसून आले.

पण खरी गोष्ट तिने संध्याकाळी पारावर सगळ्यांना बोलावून सांगितली. गजकर्ण हा हिवाळ्याचा आजार, आणि तिच्या संशोधनाची मुदत उन्हाळ्यात संपत होती. म्हणजे हा तिचा शेवटचा हिवाळा. यात औषधाचा गुण दिसला नाही तर इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात, आणि औषध कपाटात. तिने दोन बाटल्या वर धरल्या. एकीचं झाकण हिरवं, दुसरीचं पांढरं. एकीत औषध घातलेला मलम होता, दुसरीत नुसता मलम. कशात काय, ते तिलाही ठाऊक नव्हतं. ते फक्त अकोल्याला तिच्या मार्गदर्शक पौर्णिमा मॅडमना माहीत. प्रत्येक जोडीतल्या एका जनावराला हिरवी बाटली लावायची, दुसऱ्याला पांढरी.

"कावून पन?" शेजारच्या श्रावणने विचारलं. "साऱ्यायले औषधच दे न."

"कारन गजकर्ण कदी कदी आपोआप बी बरं होते, काका. साऱ्यायले औषध देलं अन् सारे बरे झाले, तं औषधानं झाले का आपोआप झाले, हे कसं समजन? म्हनून एक औषधवाला अन् एक बिनऔषधवाला, दोघं एकाच गोठ्यात, एकाच चाऱ्यावर पाहिजेत. तुमच्या जोड्यायसारखं दुसरं काही चांगलं नायी त्यासाठी."

सगळ्यांनी माना डोलावल्या. शेषरावांनी सगळ्यात जोरात डोलावली. भाची त्यांची होती, मान तर त्यांचीच जोरात हलणार.

दुसऱ्या दिवशी गीतांजली अकोल्याला गेली. शेषरावांनी तिने दिलेले निळे हातमोजे चढवले, हिरवी बाटली घेतली आणि पाखऱ्याच्या मानेला मलम चोळायला सुरुवात केली. पाखऱ्याने सुखाने डोळे मिटले. आणि मग बाशिंग्याने मान पुढे केली.

कोणीही म्हणेल, मग त्याला पांढऱ्या बाटलीतला लावायचा, झालं. शेषरावांनीही पांढरी बाटली उचलली. पण त्यांच्या मनात आलं, ह्याच्यात नुसताच मलम असला तर? ह्या मुक्या जिवाला वाटणार मालकाने औषध लावलं, आणि आपण त्याला फसवणार. उद्या हे दोघं एका जुवाखाली जाणार, आणि त्यातल्या एकाला आपण औषध दिलं नाही हे आपल्याला ठाऊक असणार. बाशिंग्या जिभेने त्यांची बाही चाटू लागला.

शेषराव घरात गेले आणि जेवणाची मोठी वाटी घेऊन आले. दोन्ही बाटल्यांतला मलम त्यांनी सारखा सारखा वाटीत काढला, बोटाने नीट कालवला, आणि मधोमध उभं राहून दोन्ही हातांनी दोघांना चोळला.

गोदाबाईने दारातून पाहिलं. "पोरीनं काय सांगतलं होतं?"

"पोरीचं बी काम होऊन राहिलं. दोनी बाटल्या वापरल्या का नायी? दोघायचंही भलं होईन. तिले बी आनंदच होईन."

आणि गोष्ट इथेच थांबली असती तर एका गोठ्यावर निभावलं असतं. पण चांगली युक्ती शेषरावांच्या पोटात कधी राहिलेली नाही. संध्याकाळी त्यांनी ती श्रावणला सांगितली. श्रावणचाही जीव दिवसभर टांगणीला लागलेला होता, त्याने मोकळा श्वास घेतला आणि देवानंदला सांगितलं. देवानंदने आणखी कोणाला. आठवडा संपायच्या आत गावातल्या सगळ्या गोठ्यांत वाट्या निघाल्या. कोणाच्याही मनात लबाडी नव्हती. उलट, आपण पोरीचा शब्दही राखला आणि जनावरावर अन्यायही होऊ दिला नाही, अशा समाधानात सारं गाव होतं.

गीतांजली मधूनमधून येई. काचेच्या पट्टीवर केस घेई, चट्ट्यांचे फोटो काढी. चट्टे भरून येत होते, त्यांवर बारीक तांबडी लव उगवत होती. लोक तिला बोलावून बोलावून दाखवत. ती हसून "चांगलं झालं काका" म्हणे, पण प्रत्येक खेपेला तिचा चेहरा जरा जास्त उतरलेला दिसे. शेषरावांना वाटलं, प्रवासाची दगदग.

बाटल्यांचं गुपित उघडायच्या दिवशी शेषराव मुद्दाम अकोल्याला गेले. हरभऱ्याची कोवळी भाजी पिशवीत भरली, ठेवणीतला सदरा घातला, बडनेऱ्याहून गाडी धरली. पौर्णिमा मॅडम त्यांना वाटल्या होत्या त्यापेक्षा साध्या निघाल्या. त्यांनी भाजीचा वास घेऊन "आज हीच करते" म्हटलं, चहा मागवला, आणि मग कम्प्युटरवर बराच वेळ आकडे पाहत बसल्या.

"गीतांजली," त्या शेवटी म्हणाल्या, "हिरव्या बाटलीत औषध होतं. पण पांढऱ्या बाटलीची जनावरंही तितकीच बरी झालीत. अगदी तितकीच. फरक नाही."

गीतांजलीने टेबलाची कड धरली होती. तरी तिचा आवाज सरळ होता.

"ठीक आहे मॅडम. मग ते आपोआपच बरे झाले असं म्हणावं लागेल. औषधात गुण नाही, असंच मी लिहीन."

"आकडे पुन्हा तपासून बघू. काही गोठे वगळले तर..."

"नको मॅडम. निकाल आवडला नाही म्हणून गोठे वगळायचे नाहीत. जे आहे ते आहे."

शेषरावांना कळेना. "पन सारे बरे झाले न, पोरी! हे तं चांगलंच झालं."

गीतांजली त्यांच्याकडे वळली. दुसरी कोणी असती तर त्या क्षणी मामाला गप्प बसवलं असतं. तिने खुर्ची त्यांच्याजवळ ओढली आणि पारावर सांगितलं होतं तेच पुन्हा, तितक्याच शांतपणे सांगितलं. औषध न लावलेला गोऱ्हा आणि औषध लावलेला गोऱ्हा सारखेच बरे झाले, म्हणजे औषधाने काही केलंच नाही. डोळ्यांत पाणी उभं असताना ती सांगत होती.

आणि ती सांगत असतानाच शेषरावांना सगळं उमगलं. वाटी त्यांच्या डोळ्यांसमोर उभी राहिली. एक क्षण त्यांना वाटलं, गप्प बसावं. कोणाला कळणार आहे? पण समोर ही पोर बसली होती, जिने आपल्याच मेहनतीवर आपल्याच तोंडाने पाणी सोडलं होतं, कारण तिला ते खरं वाटत होतं. तिच्यासमोर मूग गिळून बसणं त्यांना जमेना.

"औषध न लावलेला एक बी गोऱ्हा नायी गावात," ते म्हणाले. "म्या दोनी बाटल्या एका वाटीत कालवल्या. दोघायलेही लावल्या. श्रावणनं बी तेच केलं, देवानंदनं बी. साऱ्यायनं. मीच सांगतलं त्यायले."

पौर्णिमा मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि कपाळाला हात लावला. शेषराव मान खाली घालून बसले होते. आता पोर काय बोलेल ते ऐकायची त्यांची तयारी होती.

गीतांजली हसायला लागली. आधी हळू, मग जोरात, मग तिला हसू आवरेना, आणि त्यातच रडूही फुटलं. "एका वाटीत! अन् दोनी हातांनी लावलं असन, मधात उभं राहून!"

"मंग कसं लावनार?" शेषराव म्हणाले.

"गाव बदलावं लागेल," मॅडम म्हणाल्या. "नाहीतर संस्थेच्या गोठ्यात, आपल्या देखरेखीखाली. हिवाळा किती उरलाय, ते मात्र बघावं लागेल."

"नाही मॅडम, गाव तेच." गीतांजलीने डोळे पुसले. "चूक त्यांची नाही, माझी आहे. मी त्या गोठ्यात वाढले. एका दाव्याला बांधलेल्या जोडीत एकाला द्यायचं आणि दुसऱ्याला नाही, हे त्या घरात होणारच नाही, हे मला कळायला हवं होतं. मी त्यांना जोडी फोडायला सांगितली." ती उठून खिडकीशी गेली. मग वळली तेव्हा तिचे डोळे मोठे झाले होते, ते शेषरावांना ओळखीचं होतं. "मॅडम, जोडी नाही फोडायची. बैल फोडायचा. प्रत्येक जनावराच्या एका अंगाला हिरवी, दुसऱ्या अंगाला पांढरी. दोघांनाही दोन्ही बाटल्या. कोणावर अन्याय नाही. चारा एक, पाणी एक, जनावर पण एकच. याहून चांगली तुलना कुठली?"

मॅडमनी चष्मा पुन्हा घातला. त्या तिच्याकडे बराच वेळ पाहत राहिल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे कौतुक होतं ते पाहून शेषरावांना आपल्या सदऱ्याची इस्त्री नीट नाही याची लाज वाटली. "बाटल्या नव्याने भरते," त्या म्हणाल्या. "झाकणं तीच, पण कशात काय ते पुन्हा माझं मीच ठरवणार. आणि कोणत्या गोठ्यात कोणतं अंग, तेही मीच."

परतीच्या गाडीत गीतांजलीही बरोबर होती, आणि मूर्तिजापूर येईपर्यंत शेषराव रिकाम्या पिशवीची घडी घालत राहिले. मग एवढंच म्हणाले, "तू रागावली कावून नायी?"

"कोनावर रागावू मामा? तुमी नसते असे, तं मी गोठ्यात रमले असते का?"

यावर शेषराव खिडकीबाहेर पाहू लागले. वारा फार होता, त्यामुळे डोळ्यांत पाणी येणं साहजिक होतं.

आता जनावरं लागणार होती, चट्टे ताजे असलेली, आणि गावातली बहुतेक बरी झाली होती. ते काम शेषरावांनी अंगावर घेतलं. आजूबाजूच्या गावांत सायकलवर फिरले, ज्या ज्या गोठ्यात गजकर्ण दिसलं त्या मालकाला त्यांनी आधी आपली फजिती सांगितली, हसू दिलं, आणि मग बजावलं, "एक अंग हिरवं, एक अंग पांढरं. वाटी काढली तं माह्याशी गाठ हाये." पाखऱ्या आणि बाशिंग्याही पुन्हा हजर झाले, कारण मलम थांबताच त्यांच्या बरगड्यांवर दोन्ही बाजूंनी नवे चट्टे उठले होते. बुरशी खरोखर हट्टी होती.

मॅडमनी ठरवल्याप्रमाणे शेषरावांच्या गोठ्यात हिरवी बाटली डाव्या अंगाला आली, पांढरी उजव्या. श्रावणकडे उलटं. शेषराव रोज हातमोजे घालून मधोमध उभे राहत. आता कोणावर अन्याय नव्हता, पण काम सोपं नव्हतं. थोड्याच दिवसांत डाव्या अंगावर लव दिसू लागली. उजवं अंग तसंच, पांढरं, उघडं. पाखऱ्या उजवी बरगडी खांबाला घाशी आणि वळून शेषरावांकडे पाही. हिरवी बाटली हातातच असे. नुसतं बोट पलीकडे न्यायचा अवकाश होता. रस्त्यावरून जाणारे "अर्धा बैल केला का गा शेषराव?" असं विचारत.

एकदा गोदाबाईलाच राहवलं नाही. "लावा न थोडं. कोन पाहून राहिलं?"

"पोर पाहून राहिली," शेषराव म्हणाले.

"ती तं अकोल्याले हाये."

"म्हनूनच." त्यांनी बाटलीचं झाकण लावलं. "तिनं आपल्यासाठी आपलं शास्त्र फिरवून घेतलं. आपल्याले नायी म्हनलं, का तुमी अडानी, तुमी बदला. तिच्या जागी दुसरं कोनी असतं न, तं गावाले नावं ठेवून गेलं असतं. मंग आपल्याच्यानं एवढंसं होत नायी का?"

गोदाबाईने पाखऱ्याच्या उजव्या बरगडीला ओला फडका लावला, नुसत्या पाण्याचा, तेवढीच त्याची खाज थंडावली. तेही तिने दुसऱ्या दिवशी गीतांजलीला फोन करून सांगून टाकलं, आणि गीतांजलीने सांगितलं म्हणून दोन्ही अंगांना सारखाच लावू लागली.

हरभरा निघाला, उन्हं तापू लागली, आणि एका सकाळी पौर्णिमा मॅडम स्वतः गावात आल्या. पारासमोरच्या मोकळ्या जागेत जनावरं ओळीने उभी केली होती. मॅडम एकेका जनावराच्या भोवती फिरल्या. गीतांजली त्यांच्या मागे मागे होती. आता कम्प्युटर नंतर पाहिला असता तरी चाललं असतं. शेषरावांच्या जोडीची डावी अंगं तांबूस, तुकतुकीत; उजव्यांवर अजून चट्टे. श्रावणच्या गोठ्यातली उजवी अंगं भरलेली, डावी उघडी. कुठे काही चट्टे दोन्हीकडे बुजले होते, कुठे दोन्हीकडे रेंगाळले होते, पण एवढी मोठी ओळ पाहिली की शंका राहत नव्हती. जिथे जिथे हिरवी बाटली लागली होती, तिथे केस परतले होते.

आता प्रश्न एकच होता, आणि त्याचं उत्तर फक्त मॅडमना ठाऊक होतं. हिरव्या बाटलीत या खेपेला नुसताच मलम असला तर? सगळं गाव मॅडमकडे पाहत होतं.

"हिरव्यातच औषध," मॅडम म्हणाल्या. आणि मग त्यांना पुढचं बोलता आलं नाही, कारण त्यांनी गीतांजलीला मिठी मारली होती.

जो गलका उठला त्यात जनावरं बुजली. श्रावणने टोपी उडवली, ती देवानंदच्या गोऱ्ह्याच्या शिंगात अडकली. कोणीतरी "बुरशीले मुसकं!" असं ओरडलं, आणि गीतांजली हसत हसत पारावरच बसली. इतके महिने ताठ उभी असलेली ही पोर अशी एकदम लहान होऊन बसलेली पाहिली आणि शेषरावांचा ऊर भरून आला.

ती उठली, पेटीतून हिरवी बाटली काढली आणि त्यांच्यासमोर धरली. "घ्या मामा. आता लावा उरलेल्या अंगाले. मनसोक्त."

शेषरावांनी हातमोजे चढवले. पाखऱ्या आणि बाशिंग्याला त्यांनी तोंडं विरुद्ध दिशांना करून शेजारी उभं केलं, म्हणजे दोघांची उजवी अंगं आतल्या बाजूला आली. मग ते मधोमध शिरले, दोन्ही तळव्यांवर मलम घेतला आणि दोघांच्या बरगड्यांवर एकाच वेळी हात ठेवले.

"हे काय करतायत?" मॅडमनी विचारलं.

"जोडी आहे मॅडम," गीतांजली म्हणाली. "आधी कोणाला, असा प्रश्नच त्यांच्याकडे नसतो."

शेषराव निवांतपणे चोळत राहिले. दोन्ही गोऱ्ह्यांनी डोळे मिटले. काम झाल्यावर त्यांनी हातमोजे उतरवले, पारावरच्या नळावर हात स्वच्छ धुतले, सदऱ्याला पुसले, आणि घरून गोदाबाईने आणलेल्या वाटीत बोटं बुडवली. तीच जेवणाची मोठी वाटी होती. तिच्यात आज हळद कालवलेलं लोणी होतं. पोळ्याला अजून फार अवकाश होता, लोकांना वाटलं हे बैलांसाठीच असणार.

शेषराव बैलांजवळून निघून गीतांजलीसमोर येऊन उभे राहिले. या घरात वर्षभर राबलेल्याला यापेक्षा मोठा मान दिला जात नाही, हे तिला ठाऊक होतं. लहानपणापासून तिने तो दरवर्षी पाहिला होता, पण तो माणसाला दिलेला कधी पाहिला नव्हता. त्यांनी दोन्ही हातांनी तिच्या दोन्ही खांद्यांना एकाच वेळी हळद टेकवली. नंतर ते तिच्या कानाशी वाकले. त्यांनी आवाज मोठा केला, सगळ्या पाराला ऐकू जाईल असा.

"आज आवतन घे पोरी. उद्या जेवायले ये."